कुरव मेले त्या रविवारी

२० जानेवारी २०२६

चि. गोपाल,

काल दीड तास जेलच्या दारात उभी होते. शेवटी शिपाई बाहेर आला आणि म्हणाला, "मॅडम, तो नाही म्हणतोय. बहिणीला भेटायचं नाही म्हणतो." मागच्या रांगेतल्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. तुझा स्वेटर त्यांनी ठेवून घेतला, तिळाचे लाडू परत केले. परतीच्या एसटीत तो डबा मांडीवर घेऊन बसले होते. शहादा कधी आलं ते कळलंच नाही.

म्हणून पत्र लिहिते. आधी तिथले साहेब वाचतील, मग तुझ्या हाती येईल म्हणे. तेव्हा जपूनच लिहिणार आहे.

माझ्या बहिणीनंच मला पकडून दिलं, असं तू वकिलांना सांगितलंस. ते खरं आहे. माशांना कापसावर मारायचं औषध लावलं होतं आणि ते माझ्या भावानं लावलं, हे डॉक्टरांना मीच सांगितलं. पण तो रविवार तू बघितला नाहीस, गोपाल. तू पहाटेच माशांचं खाद्य आणायला नंदुरबारला गेला होतास. मी बघितला. आज नऊ दिवस झाले, फळ्यावर लिहायला हात उचलला की खडू तुटतो. पोरं घाबरून गप्प बसतात.

अकरा हिवाळे झाले, दर रविवारी सकाळी मी तापीवर कुरव मोजायला जाते. लोणखेड्याच्या कॉलेजातल्या सरांनी पक्षिगणनेला नेलं होतं, तेव्हापासूनची ही सवय. तू हसायचास. "ताईले माणसं कमी पडनात, म्हणून कबूतरं मोजस." नदीवर मासे धरणारा वाहरूही त्यांना कबुतरंच म्हणायचा, पण वेगळ्या सुरात. नोव्हेंबरात होडीतून ओरडून सांगायचा, "बाई, तुन्हा कबूतरं उनात!" मग मी चष्मा आणि वही घेऊन निघायची.

समुद्रावरचा पक्षी आपल्या तापीवर कशाला येतो, असं तू एकदा विचारलं होतंस. मी सांगायला लागले तेव्हा तुझा फोन वाजला. आज सांगते. ते लडाखच्या, तिबेटच्या उंच तळ्यांवर अंडी घालतात. तिथे बर्फ धरला की खाली येतात. समुद्रच पाहिजे असं काही नसतं त्यांना. मोठं, संथ पाणी लागतं, आणि बंधारा झाल्यापासून ते आपल्याकडे आहे. हिवाळ्यात त्यांचं डोकं पांढरं असतं, कानाजवळ फक्त एक काळा डाग. चोच आणि पाय लाल. वारा ज्या दिशेनं येतो त्या दिशेला सगळे तोंड करून बसतात, शाळेतल्या प्रार्थनेसारखे. आणि त्यांची एक सवय आहे. एकाला खायला सापडलं की तो ओरडतो, गोल गोल उडतो. मग लांबलांबून बाकीचे येतात. एकमेकांच्या चोचीतलं हिसकावतात, भांडतात, पण येतात सगळे.

त्या सवयीनंच मारलं त्यांना.

नऊ वाजले असतील. धुकं नुकतं वर गेलं होतं. तुझ्या माशांच्या तळ्याच्या खालच्या बाजूला, नदीच्या गाळावर मला पांढरं पांढरं दिसलं. वाटलं, कुणाच्या शेतातल्या खताच्या पिशव्या उडून आल्या. जवळ गेले. एक पंख वाऱ्यानं उचलला जात होता आणि परत पडत होता. मी मोजायला लागले. का मोजले, ते आजही सांगता यायचं नाही. त्रेसष्ट. पाण्यात आणखी असतील. काहींच्या चोचीत अर्धा मासा तसाच होता. एक जिवंत होता. मान वाकडी करून जागच्या जागी फिरत होता, चोच उघडत होता, आवाज निघत नव्हता. आणि वर, गोपाल, वर पंधरावीस कुरव आरडत फिरत होते. खाली उतरायचे, मेलेल्याजवळ बसायचे, परत उडायचे.

मी तिथेच चिखलात बसले. कितीतरी वेळ. साडी भिजल्याचंही कळलं नाही.

साडेदहाच्या सुमारास गावातल्या दोधूची पिकअप बांधावरून जोरात आली. मागे वाहरू आणि त्याची बायको कमलीबाई आडवे पडलेले. दोघांच्या तोंडाला फेस. पहाटे वाहरू जाळं काढायला आला, त्याला गाळावर चिल्लर मासे सांडलेले दिसले. कुणाचं तरी जाळं फाटलं असेल, असं समजून त्यानं टोपलीभर उचलले. कमलीबाईनं कालवण केलं. मी पिकअपमध्ये चढले आणि कमलीबाईचं डोकं मांडीवर घेतलं. सतरा वर्षं माझ्या शाळेत खिचडी शिजवणारी बाई. तिच्या डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती.

दवाखान्यात गर्दी होती. कुणीतरी म्हणालं, दारू प्यायलेत. भिल्ल माणूस, रविवार, तोंडाला फेस. सगळ्यांना ते पटलं. त्याच हिशेबानं उपचार सुरू झाले. दुपारी अडीच वाजता मी डॉक्टरांना औषधाचं सांगितलं. ते धावले. कमलीबाई वाचली. वाहरू सव्वाचारला गेला.

मला आधी का सुचलं नाही, ते विचारू नकोस. मी घाबरले होते. इतकंच.

आई बरी आहे. म्हणजे जेवते.

तुझी
ताई


८ फेब्रुवारी

चि. गोपाल,

पुन्हा आले होते. पुन्हा नाही म्हणालास. ठीक आहे.

मेलेल्या कुरवांपैकी चार जंगल खात्यानं तपासायला नेले होते. त्याचं काय झालं, ते तुला सांगायलाच पाहिजे. मला परवा कळलं, तेव्हापासून दुसरं काही डोक्यात येत नाही.

डिसेंबरात तुझे मासे मरायला लागले. रोज पहाटे तळ्यावर पाचपन्नास पोट वर करून तरंगायचे आणि त्यांच्यावर कुरव. तू मला बांधावर नेऊन दाखवलंस. तुझा आवाज चढला होता. "हे बघ, तुझे पाहुणे! माझं तळं खाऊन टाकलं त्यांनी." मी म्हणाले होते, "अरे, एवढा मोठा मासा नाही मारत ते." तू म्हणालास, "वहीत लिहून ठेव मग."

तुझ्या अटकेनंतर मत्स्य खात्याचे एक साहेब पंचनाम्यासाठी आले होते. त्यांनी तळ्याचं पाणी तपासलं. पाण्यात हवाच उरलेली नव्हती. खाद्य जास्त पडत होतं, ते खाली कुजत होतं, आणि थंडीत पहाटे मासे गुदमरून मरत होते. आणि त्या चार पक्ष्यांच्या पोटात तुझ्या त्या चिल्लर माशांखाली काय निघालं? कुजलेल्या माशांची खवलं. किडे. थोडे ज्वारीचे दाणे. जिवंत मासा त्यांनी तुझ्या तळ्यातून धरलाच नव्हता. मेलेले तेवढे उचलत होते. परवा घरी आले तेव्हा साहेब म्हणाले, "बाई, हे पक्षी नसते तर तळं आठ दिवस आधीच नासलं असतं."

ते तुझं काम करत होते, गोपाल.

मी त्या साहेबांना पाणी द्यायला उठले आणि भांडं हातातून पडलं. आई आतून म्हणाली, "काय व्हयनं?" मी म्हणाले, काही नाही.

अकरा वर्षं मी त्यांच्याकडे बघतेय. ते मेलेलं खातात, नदी साफ करतात, हे मला ठाऊक होतं. मग तुला हाताला धरून बसवून का नाही सांगितलं? तू हसशील म्हणून. भाऊ हसेल म्हणून मी गप्प बसले, बघ.

भूमिका तुझं घर सोडून म्हसावदला माहेरी गेली. जाताना बॅग दारात ठेवून माझ्यासमोर उभी राहिली. रडली नाही. "ताई, तुमले काय मिळनं?" एवढंच विचारलं. मी म्हणाले, "कमलीबाई वाचली." ती म्हणाली, "आणि आपलं घर?" तिचा राग खरा आहे. तिला तू पत्र लिही, मला नको लिहूस.

आता एक गोष्ट. मागच्या पत्रात मी ती टाळली. जेलमधले साहेब वाचतील म्हणून टाळली, असं मला वाटलं होतं. पण तसं नाही. मलाच ती कागदावर बघायची नव्हती.

मला औषधाचं दुपारी अडीचला सुचलं नाही. मला आदल्या दिवसापासून माहीत होतं.

शनिवारी दिवस मावळताना मी गोठ्यात कंदील... नाही, तेही खोटंच. कंदील आणायला नव्हते आले, वास आला म्हणून आले. कापसावर फवारताना येतो तो वास. जानेवारीत कोण फवारतं? तू घमेल्यावर वाकला होतास. घमेल्यात चिल्लर मासे, हातात रबरी मोजे, तोंडाला रुमाल. मी विचारलं, "हे काय चाललंय?" तू मागे न बघता म्हणालास, "तू घरमा जाय. तुन्हं काय काम शे आठे?"

आणि मी घरात गेले. भाकरी टाकल्या. तुला वाढलं. तू हात दोनदा साबणानं धुऊन आलास, तेही मी बघितलं. माझे कुरव उद्या मरणार, हे मला त्या ताटावर बसल्या बसल्या कळलं होतं. माणूस मरेल असं मात्र वाटलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते, तसं वाटलं नव्हतं. पण सकाळी मी मोजायला गेले नव्हते, गोपाल. खरंच झालं का, ते बघायला गेले होते.

पिकअपमध्ये कमलीबाईचं डोकं मांडीवर घेतलं, तेव्हा तिच्या श्वासाला तोच वास होता.

कमलीबाई परवापासून शाळेत यायला लागली. कपाळ मोकळं. आल्या आल्या तिनं तांदूळ धुवायला घेतले. पोरांनी तिला वेढा घातला. खिचडी झाल्यावर रोजच्यासारखी तिनं माझी ताटली भरून टेबलावर आणून ठेवली. म्हणाली, "खाय वं मास्तरीन, किती सुकी गयी तू."

तिला अजून सगळं माहीत नाही. अडीच वाजता बोलून हिनंच आपल्याला वाचवलं, एवढंच तिच्या कानावर आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला ती सांगते, मास्तरीननं मला वाचवलं, सख्ख्या भावाला बघितलं नाही.

मला ती खिचडी गिळवत नाही.

तुझी
ताई


१४ मार्च

गोपाल,

तुझी चिठ्ठी वकिलांनी आणून दिली. दोन महिन्यांतला तुझा पहिला शब्द. तू लिहिलंस:

"ताई, दवाखान्याच्या पहिल्या कागदावर दारू असं लिहिलंय. वकील म्हणतात, त्यावर केस हलकी होईल. तू फक्त गप्प राहा. एवढं कर माझ्यासाठी."

मी ती ओट्यावर उभी राहून वाचली. मग खाली बसले. आई म्हणाली, "काय लिखं गोपालनी?" मी म्हणाले, "बरा आहे."

खरं म्हणजे मला त्याच दिवशी उत्तर द्यायचं होतं. देता आलं नाही, कारण आधी मला दुसऱ्या एका माणसाकडे जायचं होतं. काल गेले. आता सगळं लिहिते. साहेब वाचणार असतील तर वाचू देत.

दवाखान्यात "कुणीतरी" दारू म्हणालं, असं मी तुला लिहिलं होतं.

ते कुणीतरी मी होते.

डॉक्टर घाईत होते. त्यांनी दोधूला विचारलं, काय खाल्लंय यांनी? दोधूला काय माहीत? त्यानं माझ्याकडे बघितलं. मग डॉक्टरांनीही बघितलं. "तुम्ही कोण?" मी म्हणाले, "मी शाळेत शिक्षिका आहे." ते म्हणाले, "मग तुम्ही सांगा." तोंड उघडेपर्यंत मी काय बोलणार आहे, ते मलाही माहीत नव्हतं. माझ्या डोळ्यांसमोर तुझं घमेलं होतं. आणि मी म्हणाले, "प्याले असतील. रविवार आहे."

इतकं सोपं होतं ते. कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पांढऱ्या साडीतली मास्तरीन सांगतेय म्हटल्यावर कागदावर ते लिहिलं गेलं.

खाटेवर ओकत ओकत कमलीबाई म्हणत होती, "तो पेत नही. त्याना गळामा माळ शे. तो पेत नही." मी तिचं ऐकलं. नर्सनं ऐकलं नाही, डॉक्टरांनी ऐकलं नाही, पण मी शेजारी उभी होते, मी ऐकलं. वाहरूच्या गळ्यातली तुळशीची माळ मला दिसत होती. आठ वर्षांपूर्वी त्यानं ती घातली, तेव्हा त्यानं शाळेत येऊन पोरांना पेढे वाटले होते. मी स्वतः टाळ्या वाजवल्या होत्या.

अकरा ते अडीच. साडेतीन तास मी त्या बाकावर बसून होते. तुला वाचवत होते, असं मी स्वतःला सांगत होते. मग नर्सनं बाहेर येऊन सांगितलं, बाईचीही नाडी उतरतेय. तेव्हा उठले. वाहरूसाठी नाही उठले, गोपाल. तोवर त्याच्यासाठी उशीर झाला होता, आणि हेही मला दिसत होतं.

काल दुपारी शाळा सुटल्यावर कमलीबाई पातेली घासत होती. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि सगळं सांगितलं. घमेलं, भाकरी, दारू, बाक. ती हातातली काथ्याची गुंडी तशीच धरून होती. पाणी नळातून वाहत होतं, ते बंद करायलाही कुणी उठलं नाही.

माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "कितला वाजनात व्हतात?"

"कशाला?"

"तू दारू बोलनी, तवय."

मी म्हणाले, "अकरा."

तिनं हातातली गुंडी खाली ठेवली. मग म्हणाली, "अकरा वाजता तो बोलत व्हता, मास्तरीन. मन्हाकडे पानी मांगत व्हता."

उठली. नळ बंद केला. पातेली पालथी घातली, एक, एक करून. पदराला हात पुसले आणि निघून गेली. आज ती शाळेत आली. खिचडी केली, पोरांना वाढली. माझी ताटली टेबलावर आली नाही. मला वाटतं, ती ताटली आता कधीच येणार नाही, आणि ते बरोबर आहे.

तिथून मी घरी न जाता सरळ पोलीस ठाण्यात गेले. पुरवणी जबाब द्यायचाय म्हणाले. हवालदार ओळखीचे आहेत, त्यांच्या मुलीला मी शिकवलं. त्यांनी अर्ध्यावर पेन खाली ठेवलं. "मॅडम, हे लिहिलं तर तुमच्यावरही येईल. नोकरी जाईल. भाऊ तर जाईलच. लिहू का?" मी म्हणाले, "लिहा." त्यांनी परत विचारलं. मी परत म्हणाले. मी सही केली.

आज सकाळी नदीवर गेले होते. राहिलेल्या कुरवांची डोकी गडद तपकिरी झालीत. असं झालं की ते निघतात. आठवडाभरात जातील. वही नेली नव्हती.

गोपाल, तू वाईट माणूस आहेस असं मला वाटत नाही. तू पक्षी मारायला गेलास आणि माणूस मेला. माणूस मरतोय हे तुला माहीत नव्हतं. मला होतं. म्हणून तुझ्या चिठ्ठीचा मला राग आला नाही. पण मी हादरले, कारण तू मला जे वाक्य सांभाळायला सांगतोयस ते तुझ्या वकिलांनी शोधलेलं नाही, माझ्या तोंडून निघालेलं आहे. ते मी काल परत घेतलं.

सोमवारी तुला कोर्टात आणतील. मी असेन. कमलीबाईही असेल, तिला दोधू घेऊन येणार आहे. तू माझ्याकडे बघितलं नाहीस तरी चालेल. पण वाहरू प्यायला नव्हता, हे तिच्यासमोर आपल्या दोघांपैकी कुणीतरी उभं राहून आधी म्हणायला हवं.

मोठी मी आहे.

ताई